मापात पाप

परवा भाच्याच्या घरी जेवणानंतर कुणीतरी टीव्हीवर ‘३००’ लावला आणि पंधरा मिनिटांत घरात दोन तट पडले. इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टा या ग्रीक राज्याचा राजा लिओनिडास आणि त्याचे तीनशे सैनिक पर्शियाचा, म्हणजे आजच्या इराणचा, सम्राट झेर्क्सिस याच्या प्रचंड फौजेशी मरेपर्यंत लढले, त्याची ही कथा. एकीकडे भाचा आणि त्याचे मित्र : “मामा, सिनेमा आहे तो, इतिहासाचा तास नाही.” दुसरीकडे शेजारचे एक निवृत्त मास्तर, बोटांवर चुका मोजत : छातीवरचं चिलखत कुठे गेलं, गेंडा कुठून आला, झेर्क्सिसला दाढी का नाही? वाद जुनाच आहे. झॅक स्नायडरचा हा चित्रपट २००७ साली जगभर लागला तेव्हापासून तो याच दोन रुळांवरून धावतो आहे, आणि आपल्याकडेही दर नव्या ऐतिहासिक चित्रपटागणिक त्याच रुळांवर आणखी एक गाडी सोडली जाते. मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताना दिसतात. चुका मोजून फारसे काही सिद्ध होत नाही, आणि ‘सिनेमाच तर आहे’ म्हटल्याने सगळे माफही होत नाही. वाण्याचा तराजू बिघडला असेल तर तो कधी गिऱ्हाइकाला जास्त देईल, कधी वाण्याला. दर वेळी तो वाण्याच्याच बाजूने झुकू लागला तर त्याला बिघाड म्हणत नाहीत. त्याला काटा मारणे म्हणतात. तेव्हा ‘३००’मध्ये चुका किती हा प्रश्न मास्तरांवर सोडू. त्या चुका कुणाच्या पारड्यात पडतात, ते पाहू.

आधी चित्रपटाच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू वाटते त्याहून भक्कम आहे. घटना नव्वद टक्के खऱ्या आहेत, वेडेपणा आहे तो दृश्यांत, असे स्नायडरने एका मुलाखतीत म्हटले होते. त्यावर पुष्कळ लोक हसले. पण गंमत अशी की ज्या जागी प्रेक्षकाला ‘हा तर फिल्मी डायलॉग’ असे वाटते, नेमकी तीच जागा बऱ्याचदा प्राचीन असते. पर्शियनांच्या बाणांनी सूर्य झाकला जाईल म्हणता? उत्तम, मग सावलीत लढू. हे वाक्य हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने डिएनेकिस नावाच्या स्पार्टन सैनिकाच्या तोंडी दिले आहे. शस्त्रे खाली ठेवा म्हणताच ‘या आणि घेऊन जा’, हे प्लुटार्क या नंतरच्या ग्रीक चरित्रकाराने लिओनिडासच्या नावावर नोंदवले आहे. ‘स्पार्टन स्त्रियाच खऱ्या पुरुषांना जन्म देतात’ हा राणी गॉर्गोचा टोला, आणि ढाल घेऊन ये नाहीतर ढालीवरून ये हा आईचा निरोप, ही दोन्ही वाक्येही प्लुटार्कचीच. दूताला विहिरीत ढकलणे? घडले होते. पर्शियन सैनिकांना मागून चाबकाने हाकणे? हिरोडोटसने लिहिले आहे. पर्शियन जहाजे वादळात फुटणे? तेही.

उघड्या अंगांचेही तसेच. स्पार्टाचे हॉप्लाइट, म्हणजे जड ढालीभाल्यांचे पायदळ, नुसत्या लंगोटावर लढत नसे. पण ग्रीक चित्रकारांनीच आपल्या घड्यांवर योद्धे नग्न रंगवले. त्यांच्या कलेत ते वीराचे रूप होते. मास्तरांचा आक्षेप मान्य करायचा तर त्या कुंभारांनाही ‘तपशील चुकला’ म्हणून बाकावर उभे करावे लागेल. शिवाय चित्रपट इतिहासग्रंथावरून नव्हे, फ्रँक मिलर यांच्या १९९८च्या चित्रकादंबरीवरून आला. म्हणजे अमेरिकेने इराकमध्ये सैन्य घुसवण्याच्या पाच वर्षे आधी कथा, तिची पात्रे आणि झेर्क्सिसचे ते चकचकीत मुंडण तयार होते. २००७ साली तेहरानमध्ये जो संताप उसळला, त्याला अणुकार्यक्रमाच्या वादाची आणि नवरोजच्या सणाची पार्श्वभूमी होती; पण हा चित्रपट कुणा सरकारच्या सांगण्यावरून काढला, ही कल्पना त्या तारखांपुढे टिकत नाही.

आणि नाटककाराने इतिहासात ढवळाढवळ करायचीच नाही, असे तर कुणीच म्हणू नये. इ.स.पू. ४७२ मध्ये, याच युद्धानंतर आठ वर्षांनी, एस्किलसने ‘पर्शियन’ हे नाटक अथेन्सच्या रंगभूमीवर आणले. त्यात मेलेला सम्राट दारियस भूत होऊन थडग्यातून उठतो आणि मुलाच्या नावाने हळहळतो. कोणत्या बखरीत आहे हे? तरीही ते नाटक अडीच हजार वर्षे टिकले. एस्किलसकडे पुन्हा येईन.

एवढे सगळे मान्य केल्यावर उरते काय? उरतो तो काटा. चित्रपटाने काय बदलले, काय गाळले ते एकेक करून पारड्यात टाकत जाऊ.

विहिरीपासून सुरू करू, कारण ते दृश्य सगळ्यांना पाठ आहे. हिरोडोटस सांगतो की ‘माती आणि पाणी’, म्हणजे शरणागतीची खूण, मागायला आलेले दूत अथेन्सने खड्ड्यात फेकले आणि स्पार्टाने विहिरीत : माती आणि पाणी तिथूनच घ्या म्हणून. हे दूत झेर्क्सिसचे नव्हते, त्याच्या बापाचे, दारियसचे होते, आणि ही गोष्ट थर्मोपिलीच्या दहाएक वर्षे आधीची. काळ सरकवला, ठीक आहे. चित्रपटाला ती मुभा आहे. पण पुढचा भाग? दूत मारल्यावर स्पार्टन लोक घाबरले. शकुन वाईट येऊ लागले. दूताला हात लावणे हे देवाधर्माविरुद्ध होते आणि ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी सभा भरवल्या, प्रायश्चित्त म्हणून कोण जीव देईल असे विचारले, आणि स्पेर्थियास व बुलिस हे दोन खानदानी स्पार्टन स्वतःहून निघाले. पर्शियाची राजधानी सुसा इथे गेले, झेर्क्सिससमोर उभे राहिले, लोटांगण घालायला नकार दिला आणि म्हणाले, तुमच्या दूतांच्या बदल्यात आम्हाला मारा. झेर्क्सिसने उत्तर दिले की स्पार्टनांनी साऱ्या मानवजातीचा कायदा मोडला. ज्या कृत्याबद्दल मी त्यांना दोष देतो तेच मी स्वतः करणार नाही. आणि दोघांनाही परत पाठवले.

या गोष्टीत स्पार्टाचे धैर्य कमी होते का? माझ्या मते दुप्पट होते. चूक करणे, ती कबूल करणे, आणि ती फेडायला शेकडो कोस स्वतःहून जाणे. पण मग झेर्क्सिसही माणूस होतो, नुसता माणूस नव्हे तर त्या प्रसंगापुरता मोठा माणूस. चित्रपटाला ते परवडणारे नव्हते. विहीर ठेवली, प्रायश्चित्त कापले. इथे कात्री वेळ वाचवायला चाललेली नाही.

आता इफिअल्टिस. हिरोडोटसच्या पानांत तो मालिस प्रदेशातला स्थानिक माणूस आहे. बक्षिसाच्या लोभाने त्याने पर्शियनांना खिंडीच्या मागे नेणारी अ‍ॅनोपाइआची डोंगरवाट दाखवली. त्याला कुबड असल्याचा तिथे उल्लेखही नाही. चित्रपटाने त्याला स्पार्टन केले, विद्रूप केले, जन्मतःच दरीत फेकायचा राहून गेलेला केले, आणि मग फितुरी त्याच्याकडून करवली. म्हणजे ज्या प्रथेचा आज आपल्याला शहारा यावा, तिचे समर्थनच कथेतून तयार झाले : पाहा, वाचवला तर असा उलटला. पंचांकडून नवजात बालकाची तपासणी आणि नापास झालेल्याला टाकून देणे, ही माहिती आपल्याला मिळते तीही प्लुटार्ककडून, म्हणजे लिओनिडासच्या जवळजवळ सहाशे वर्षांनंतरच्या लेखकाकडून. आणि तोच प्लुटार्क आगेसिलाउस या स्पार्टाच्या एका अतिशय यशस्वी राजाचे चरित्र लिहितो, जो एका पायाने लंगडा होता. हा आगेसिलाउस लक्षात ठेवा. तो थोड्या वेळाने चित्रपटात मागच्या दाराने शिरणार आहे.

इफोर पाहा. स्पार्टात दरवर्षी पाच इफोर निवडून येत, नागरिकांमधून. ते राजांवर लक्ष ठेवत, प्रसंगी राजाला दंडही करत. शिवाय स्पार्टाला एकाच वेळी दोन राजे असत. लिओनिडासच्या जोडीला दुसऱ्या घराण्याचा लिओटिकिडस होता. म्हणजे स्पार्टाच्या व्यवस्थेत आजच्या माणसाला कौतुक वाटेल असे काही असेल, तर ते हेच : सत्तेला लगाम. चित्रपटात इफोर कोण आहेत? डोंगरावरच्या गुहेत राहणारे, अंगावर गळवे आलेले, लाचखाऊ, वासनांध पुजारी. आणि राजसभेतला विरोधक? पर्शियाचे सोने खाणारा गद्दार. राजाला अडवणारा प्रत्येक जण रोगी किंवा विकला गेलेला. स्वातंत्र्याचा जयघोष करणाऱ्या कथेत राजाला ‘थांब’ म्हणण्याचा हक्क मात्र कुणालाच उरत नाही. हा तपशिलाचा प्रश्न आहे का?

मग गाळलेल्यांची यादी. खिंडीत स्पार्टन ३०० होते, पण ग्रीक एकूण पाच हजारांवर होते. चित्रपटात थोडेफार आर्केडियन दिसतात आणि शेवटी माघारी जातात. ज्यांनी जाणे नाकारले ते ७०० थेस्पियन कुठे आहेत? थेस्पिआई हे बिओशियातले लहानसे नगर. त्याचा सेनानी डेमोफिलस. हिरोडोटस स्पष्ट म्हणतो की ते आपल्या मर्जीने राहिले आणि सगळे मेले. स्पार्टनांना तर कायदाच होता, पाठ दाखवायची नाही. थेस्पियनांना असला काही कायदा नव्हता, आयुष्यभराचे लष्करी शिक्षण नव्हते, घरी परत गेले असते तर कुणी बोट दाखवले नसते. मग जास्त धैर्य कुणाचे? पुढे झेर्क्सिसने त्यांचे नगर जाळले. वर्षभराने पर्शियनांशी प्लॅटिआला पुन्हा लढाई झाली तेव्हा त्या रणांगणावर १८०० थेस्पियन आले, पण चिलखत-ढालीविना. नगर जळालेले, आणि पूर्ण शस्त्रांनिशी लढणारे खिंडीत संपलेले. थर्मोपिलीला लिओनिडासचा पुतळा १९५५ पासून उभा आहे. थेस्पियनांचे स्मारक उभे राहायला १९९७ उजाडले. आपल्याकडे पावनखिंडीला महाराष्ट्राची थर्मोपिली म्हणायची जुनी रीत आहे, आणि ती तुलना या एका बाबतीतही चपखल बसते. बाजीप्रभूंचे नाव पोराबाळांना पाठ असते. त्यांच्याबरोबर कापल्या गेलेल्या बांदलांचे किती जणांना?

त्याच तीन दिवसांत आर्टेमिसिअमच्या समुद्रात २७१ ग्रीक जहाजे पर्शियन आरमाराला रोखून धरत होती. खिंड आणि समुद्र ही एकच आघाडी होती. आरमार हटले असते तर पर्शियन सैन्य लिओनिडासच्या पाठीमागे कुठेही उतरवता आले असते. डोंगरवाटेची गरजच पडली नसती. त्या जहाजांत सर्वांत मोठा वाटा अथेन्सचा, १२७ जहाजांचा. वल्ही मारणारे बहुतेक गरीब नागरिक, ज्यांच्याकडे ढाल घ्यायला पैसे नसत. चित्रपटात अथेन्सच्या वाट्याला काय येते? ‘तत्त्वज्ञ आणि पोरांचे शौकीन’ अशी एक कुचेष्टा. तीही स्पार्टन राजाच्या तोंडी, ज्याच्या गावात प्रौढ पुरुष आणि किशोर यांचे संबंध ही रुळलेली रीत होती. असो.

आता त्या दृश्याकडे येतो ज्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला. वाटेत आर्केडियन भेटतात. इतके थोडेच आणलेत, असे त्यांचा म्होरक्या म्हणतो. लिओनिडास त्यांच्यातल्या एकेकाला विचारतो, तुझा धंदा काय? कुंभार. तुझा? शिल्पकार. तुझा? लोहार. मग तो वळून गरजतो, स्पार्टनांनो, तुमचा धंदा काय? तीनशे भाले वर जातात आणि आरोळी उठते. पाहा, मीच जास्त सैनिक आणलेत. भाच्याच्या घरी याच क्षणाला टाळ्या पडल्या आणि मीही, खोटे कशाला सांगू, पहिल्यांदा पाहिला तेव्हा टाळी वाजवली होती.

हा प्रसंग प्लुटार्कने लिहिलेला आहे. फक्त तो लिओनिडासचा नाही. तो शंभर वर्षांनंतरच्या आगेसिलाउसचा आहे, त्याच लंगड्या राजाचा. चित्रपटातल्या स्पार्टाने ज्याला कड्यावरून फेकले असते, त्याच्याकडून चित्रपटाने आपले सर्वांत टाळ्यांचे दृश्य उसने घेतले. मूळ प्रसंगात आगेसिलाउस मित्रसैन्याला एकत्र बसवतो आणि कुंभार उठा, लोहार उठा, सुतार उठा असे पुकारत जातो. मित्रपक्षाचे जवळजवळ सगळे उठतात. स्पार्टन एकही उठत नाही. आणि प्लुटार्क त्याचे कारणही सांगतो : हातांचा कुठलाही धंदा शिकायला किंवा करायला स्पार्टन नागरिकाला बंदी होती.

तर मग स्पार्टात ज्वारी-बाजरी, तिथले सातू म्हणू, पिकवत कोण होते? तीनशे धडधाकट पुरुष दिवसभर भाला फेकायला मोकळे होते, त्यांच्या पानात वाढत कोण होते? उत्तर एका शब्दात आहे आणि तो शब्द चित्रपटात नाही : हेलॉट. लॅकोनिआतले आणि विशेषतः शेजारच्या मेसिनिआतले जिंकलेले लोक. जमिनीला बांधलेले, पिढ्यान्‌पिढ्या गुलाम. ते कुणी परके नव्हते. ग्रीकच होते, ग्रीक बोलणारे, तेच देव पुजणारे. प्लॅटिआच्या लढाईला ५,००० स्पार्टन गेले तेव्हा त्यांच्याबरोबर ३५,००० हेलॉट होते, एकामागे सात. अ‍ॅरिस्टॉटलच्या हवाल्याने प्लुटार्क सांगतो की इफोर दरवर्षी पदावर येताच हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे त्यांना मारले तर पाप लागू नये. निवडक तरुणांना खंजीर देऊन रानात सोडत. ते दिवसा लपून राहत आणि रात्री रस्त्यावर सापडेल त्या हेलॉटाचा गळा चिरत. चित्रपटाच्या सुरुवातीला किशोर लिओनिडास बर्फात एकटा उभा राहून लांडगा मारतो. सुंदर दृश्य आहे. लांडग्याच्या जागी शेतावरून घरी निघालेला माणूस ठेवून पाहा.

थ्युसिडिडिस हा दुसरा ग्रीक इतिहासकार याहून थंड आवाजात एक हकीकत सांगतो. पुढच्या एका युद्धात स्पार्टाने जाहीर केले की ज्या हेलॉटांनी रणांगणावर सर्वांत मोठी कामगिरी केली असेल त्यांनी पुढे यावे, त्यांना मुक्त करू. सुमारे २,००० जण निवडले गेले. त्यांनी डोक्यावर माळा घातल्या, देवळांना प्रदक्षिणा घातल्या. काही दिवसांत ते नाहीसे झाले. कोण कसा मेला ते कुणालाच कळले नाही. स्वातंत्र्याची इच्छा आणि अंगात धमक, दोन्ही असलेले नेमके कोण आहेत, एवढेच स्पार्टाला जाणून घ्यायचे होते.

इथे समोरचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो : गुलामगिरी अथेन्समध्येही होती, पर्शियातही होती, एकट्या स्पार्टालाच का धरता? आक्षेप रास्त आहे. पर्शियनांनी इ.स.पू. ४९४ मध्ये मिलेटस हे ग्रीक शहर धुळीला मिळवले, तिथले लोक पळवून नेले. पिथिअस या झेर्क्सिसच्याच एका प्रजाजनाने आपला थोरला मुलगा मागे ठेवू द्या अशी विनवणी केली, तेव्हा झेर्क्सिसने त्या मुलाचे दोन तुकडे करून मधून सैन्य चालवले. लिओनिडासचे मुंडके छाटून खांबावर लावले. असल्या राज्याला थोपवणे चांगलेच झाले, असे मलाही वाटते. इराणी बाजूनेही थोडा काटा मारला जातो, हेही सांगितले पाहिजे : १८७९ मध्ये सापडलेला पर्शियाचा सम्राट सायरस याचा मातीचा लेख हा मानवी हक्कांचा पहिला जाहीरनामा, असे जे सांगितले जाते, ते त्या लेखात वाचायला मिळत नाही, बाबिलोनच्या राजांच्या रीतीने केलेली ती एका विजेत्याची घोषणा आहे. पण आक्षेपाचे उत्तर साधे आहे. स्पार्टाला मी धरलेले नाही, चित्रपटाने धरले आहे. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द त्यातल्या स्पार्टन तोंडांतून इतक्या वेळा येतो की तो मोजायचा कंटाळा यावा. ज्या राज्यात सहा-सात माणसांच्या मानेवर बसल्याशिवाय एक माणूस ‘मोकळा’ होत नव्हता, ते राज्य गुलामांच्या फौजेविरुद्ध मोकळ्या माणसांचे राज्य म्हणून उभे केले जाते, आणि त्या माना अलगद पडद्याबाहेर ठेवल्या जातात. यात गेंड्याचा काय दोष?

पुढचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. थर्मोपिलीनंतर सत्तर वर्षे झाली नाहीत तोच स्पार्टाने अथेन्सला हरवण्यासाठी पर्शियाचे पैसे घेऊन आरमार बांधले. इ.स.पू. ३८७–८६ च्या ‘राजाच्या तहा’त आशियातली ग्रीक शहरे स्पार्टाच्याच पुढाकाराने पर्शियाच्या सम्राटाला परत दिली गेली. आणि मेसिनिआचे हेलॉट अखेर सुटले ते इ.स.पू. ३६९ मध्ये, एपामिनोंडास या थीब्सच्या सेनानीमुळे. त्याच थीब्सच्या, ज्याला थर्मोपिलीच्या कथेत फितुरांचे गाव म्हणून बदनाम केले जाते.

चित्रपटाचे चतुर समर्थक या ठिकाणी एक हुकमी पान टाकतात. ही गोष्ट सांगतो आहे चित्रपटातला एक वाचलेला स्पार्टन सैनिक, डिलिओस, प्लॅटिआच्या आदल्या रात्री सैनिकांना चेव आणण्यासाठी. राक्षस, गळवे, दहा फुटी झेर्क्सिस, सगळे त्याच्या जिभेवरचे. म्हणजे चित्रपट इतिहास सांगत नाही, प्रचार कसा होतो ते दाखवतो. युक्तिवाद देखणा आहे आणि मला काही दिवस पटलाही होता. पण आपला निवेदक फेकतो आहे हे लेखकाला दाखवायचे असेल तर निदान एकदा तरी त्याला पकडावे लागते. एखादा ऐकणारा भुवई उंचावतो, एखादे दृश्य त्याच्या शब्दांशी जुळत नाही. इथे शेवटी शेकोटीजवळून कॅमेरा उठतो तो थेट रणांगणावर, आणि तिथली पहाटही डिलिओसच्या गोष्टीच्याच रंगात रंगलेली असते.

त्यातून डिलिओसमागचा खरा माणूस आठवला की हे पान पुरतेच उलटते. डोळ्यांच्या आजारामुळे दोन स्पार्टन छावणीतून मागे पाठवले गेले होते. शेवटची बातमी कळताच एक, युरिटस, आपल्या हेलॉटाला म्हणाला, मला हाताला धरून लढाईत ने. हेलॉट त्याला नेऊन पोहोचवतो आणि पळून जातो (शहाणा माणूस). दुसरा, अ‍ॅरिस्टोडेमस, घरी परतला. स्पार्टात त्याच्याशी कुणी बोलेना, चूल पेटवायला विस्तव देईना. ‘भेदरट अ‍ॅरिस्टोडेमस’ हेच त्याचे नाव झाले. वर्षभराने प्लॅटिआला तो रांग सोडून वेड्यासारखा शत्रूवर तुटून पडला आणि मेला. हिरोडोटसच्या मते त्या दिवशी सर्वांत शूर तोच. स्पार्टनांनी मात्र त्याला मान नाकारला, कारण तो मरायच्या इच्छेने लढला होता. जिवंत परत आलेल्या माणसाचे स्पार्टाने हे केले. चित्रपटाने त्याला राजाच्या आज्ञेवरून परतलेला, दहा हजारांच्या पुढे उभा राहणारा कीर्तनकार केले. एका माणसाला त्याच्या समाजाने कसे चिरडले ही गोष्ट त्या समाजाच्या गौरवगीतात बदलली. पुन्हा काटा त्याच बाजूला.

आता एस्किलस. अथेन्स जळून आठ वर्षे झाली होती. नाटकाला बसलेल्या प्रेक्षकांत घर गमावलेले होते, भाऊ गमावलेले होते. लेखक स्वतः पर्शियनांशी मॅराथॉनला लढलेला, त्याचा सख्खा भाऊ तिथे मेलेला. त्या माणसाने नाटक रचले ते सुसाच्या राजवाड्यात, शत्रूच्या घरात. म्हातारे दरबारी वाट पाहतात, राजमाता स्वप्नाने भ्यालेली आहे, दूत येतो आणि मेलेल्या पर्शियनांची नावे एकामागून एक घेतो, शेवटी फाटक्या वस्त्रांत झेर्क्सिस येतो आणि रडतो. ग्रीक वीराचे एकही नाव नाटकात नाही. विजयाचा अभिमान त्यात नाही असे म्हणणार नाही, भरपूर आहे. पण शत्रूच्या आईलाही झोप लागत नसेल, हे सुचायला त्याला काही शतके थांबावे लागले नाही. तेव्हा ‘त्या काळच्या ग्रीकांच्या डोळ्यांनी दाखवले आहे’ ही सबब ज्यांना पुढे करायची असेल त्यांनी आधी त्या काळच्या ग्रीकाचे डोळे पाहावेत. हिरोडोटसला तर परक्यांबद्दल इतकी आस्था होती की प्लुटार्कने त्याला ‘बर्बरप्रेमी’ म्हणून झोडपले.

राहता राहिले ‘सिनेमा पाहून कोण इतिहास शिकतो?’ थर्मोपिलीच्या बाबतीत हा प्रश्न भाबडा आहे, कारण ही गोष्ट वारंवार वापरली गेली आहे आणि दर वेळी त्याच छाटलेल्या रूपात. ३० जानेवारी १९४३ ला, स्टालिनग्राडमध्ये जर्मन सहावी सेना उपासमारीने मरत असताना हिटलरचा सहकारी गोरिंग याने रेडिओवरून भाषण केले आणि त्या सैनिकांची तुलना लिओनिडासच्या तीनशेंशी केली. ऐकणारे जिवंत होते. त्यांना कळले की आपले श्राद्ध उरकले जात आहे. अलीकडे ग्रीसमधल्या ‘गोल्डन डॉन’ या नवनाझी पक्षाने मशाली घेऊन थर्मोपिलीलाच मेळावे भरवले. त्यांच्या घोषणांत थेस्पियन नव्हते.

आणि आपण? भाच्याला मी एवढेच सांगितले की झेर्क्सिसच्या सैन्यात भारतीयांची तुकडी होती. हिरोडोटसने तिचे वर्णन केले आहे : अंगात सुती कपडे, वेताची धनुष्ये, लोखंडी टोकाचे वेताचेच बाण. सिंधूकाठची माणसे असावीत. थर्मोपिलीनंतर निवडक सैन्य ग्रीसमध्ये मागे ठेवले गेले, त्यातही ती होती. फोर्टातल्या एखाद्या अग्यारीच्या दारावर माणसाच्या तोंडाचे, पंख असलेले दाढीवाले बैल पाहिलेत ना? तसले बैल पर्सेपोलिसच्या ज्या दरवाजावर आहेत, तो झेर्क्सिसने बांधला. भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हणजे आपण व्हिलनच्या टीममध्ये?” मास्तर खूश झाले. मी नाही झालो, कारण तसे मला म्हणायचेच नव्हते.

मला चीड येते ती वाया गेलेल्या गोष्टींची. चित्रपटाने गॉर्गोसाठी एक कट, एक बलात्कार आणि सभागृहातला एक खून रचला. मूळ गॉर्गोकडे काय होते? स्पार्टाचा पदच्युत राजा डेमॅराटस झेर्क्सिसच्या दरबारात आश्रयाला होता (होय, स्पार्टाचा एक राजा त्या बाजूलाही होता). स्वारीची बातमी त्याने लाकडी पाटीवर कोरली, वर मेण ओतले आणि कोरी पाटी स्पार्टाला पाठवली. साऱ्या शहाण्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मेण खरवडा, असे गॉर्गोने सांगितले. एका बाईचे डोके, एका देशत्याग्याची गुंतागुंतीची निष्ठा, मेणाखाली लपलेले युद्ध. याहून चांगली पटकथा कोण लिहिणार होते? पण त्यात स्पार्टाने हाकललेला राजा येतो, आणि तो काही धड गद्दार नाही, धड देशभक्तही नाही. असली माणसे या तराजूत मावत नाहीत.

लढाई संपल्यावर झेर्क्सिसने स्वतःच एक चित्रपट काढला होता, असे म्हणायला हरकत नाही. हिरोडोटस सांगतो, त्याचे वीस हजार मेले होते. त्याने हजारभर प्रेते रणांगणावर ठेवली, बाकीची खड्ड्यांत पुरून वर माती आणि पाला पसरला. मग आरमारात दवंडी पिटवली की ज्याला राजाचा पराक्रम पाहायचा असेल त्याने यावे. इतके खलाशी निघाले की होड्या पुरेनात. दिवसभर ते प्रेतांमधून हिंडले. पर्शियन प्रेते हजारच, इकडेतिकडे विखुरलेली, आणि ग्रीकांची एका जागी रचलेली रास. ही मांडणी पाहून कुणी फसले नाही, हसू आले, असे हिरोडोटस म्हणतो. एका बाबतीत मात्र सगळे फसले. रचून ठेवलेले ते सारे ग्रीक स्पार्टन आणि थेस्पियन आहेत असे त्यांना वाटले. त्यांत हेलॉटही होते. तीन दिवस त्याच उन्हात, त्याच बाणांखाली मेलेले ते हेलॉट वेगळे ओळखता येत नव्हते.